न्हाणीची चूल आणि कचऱ्याची वीज

आमच्या घरामागे न्हाणी आहे, न्हाणीला लागून चूल, आणि चुलीवर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा. पहाटे कोणीतरी उठतं आणि त्या चुलीत जाळ घालतं. चुडतं म्हणजे माडाच्या वाळक्या झावळ्या, सोडणं म्हणजे नारळाच्या साली, करवंट्या, काजूची टरफलं, जे हाताला लागेल ते. गेल्या दिवाळीत गावी होतो. पहाटे बाहेर आलो तर वहिनी चुलीपुढे बसलेली, हातात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांची गुंडाळी, बाजूला वेफर्सच्या पाकिटांचा ढीग आणि एक तुटकी रबरी चप्पल.

"वहिनी, ते नका घालू त्यात."

"भावजी, ओल्या सोडणांका ह्येच्याशिवाय आग धरणा नाय. आणि कचरो पण जाता."

माझं अर्धं आयुष्य बॉयलरपुढे गेलं. आधी घाटावरच्या साखर कारखान्यात, मग इकडे काजूच्या कारखान्यात. कचऱ्यापासून वीज करण्याचे प्रस्ताव घेऊन येणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या चकचकीत स्लाइडही. त्यांचं म्हणणं आणि वहिनीचं म्हणणं यांत फारसा फरक नाही. कचऱ्यात आग आहे, आणि जाळला की तो जातो. पहिली गोष्ट आपल्याकडे अर्धीच खरी आहे. दुसरी खरी वाटते, कारण धूर वर जातो आणि आपण खाली असतो.

आधी पहिलीचं बघू. कचरा जाळून वीज करणारा कारखाना आतून कसा असतो? गाड्या येऊन एका खोल हौदात कचरा ओततात. तिथे तो काही दिवस पडून राहतो, त्यातलं पाणी निथळतं. वर क्रेनचा पंजा फिरत असतो, तो कचरा उचलून उलथापालथा करत राहतो, म्हणजे एका ठिकाणी नुसती ओली भाजी आणि दुसरीकडे नुसतं प्लास्टिक असं होत नाही. भट्टीला लागणारी हवा याच हौदावरून ओढून घेतात, त्यामुळे दुर्गंधीही भट्टीत जळते. ही युक्ती मला फार आवडते. मग कचरा उतरत्या, सरकत्या जाळीवर पडतो. वरच्या टोकाला वाळतो, मधे पेटतो, खालच्या टोकाला राख होऊन पाण्यात पडतो. वर उठलेल्या गरम वायूंवर बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनित्र. पुढची वीज तुमच्या घरातल्या विजेसारखीच.

सगळं गणित अडतं ते त्या वाळण्यापाशी. समजा एक किलो कचरा घेतला. त्यात अर्धा किलो पाणी, दोनशे ग्रॅम माती-वाळू-काच, आणि जळण्यासारखं तीनशे ग्रॅम. त्या तीनशे ग्रॅममधून साधारण १,२०० किलोकॅलरी निघतील. पण आधी अर्धा लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायची आहे, त्यात ३०० च्या वर जातात. हातात उरतात ९०० च्या आत. आता तोच किलो सुका घ्या. पाणी शंभर ग्रॅम, माती मघाइतकीच दोनशे, जळण्यासारखं सातशे ग्रॅम. मिळतात २,७०० च्या आसपास. वजन तेच, उष्णता तिप्पट. ओल्या सोडणांना आग का धरत नाही ते वहिनीला चुलीपुढे बसून कळलेलं आहे, फक्त ती त्याला कॅलरी म्हणत नाही.

आपल्या देशात हे पहिल्यांदा कळलं ते दिल्लीत. १९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचऱ्यावर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं. दिवसाला ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज, असा आराखडा. चाचणीचे २१ दिवस चाललं आणि बंद पडलं. यंत्र नीट होतं. डेन्मार्कच्या कचऱ्याच्या पेटीत कागद, पुठ्ठा, लाकूड असतं. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, उष्टं आणि झाडलोटीची धूळ. जो कागद-पुठ्ठा जळला असता तो भंगारवाल्याने आधीच उचललेला. म्हणजे आपण गरीब होतो म्हणून आपला कचरा पेटला नाही, आणि एका अर्थी तेच आपल्या शहाणपणाचं लक्षण होतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी म्हणून एक रेघ आखली: ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्यात किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता आहे, तो कचरा डेपोवर पुरू नका, त्यातून ऊर्जाच काढा. म्हणजे निवडून, वाळवून उरलेला कचरा. घंटागाडीतून आला तसाच ओतलेला नव्हे. आता कोकणातला जुलै आठवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तोही चार महिन्यांत. उघड्या ट्रॉलीतून आलेला कचरा डेपोवर पोहोचेपर्यंत पिळून काढावा लागेल असा. त्यात मासळी बाजारातली खवलं, कोलंबीची सालं आणि बर्फाचं पाणी. शहाळ्यांचं तर विचारू नका.

हे झालं आगीचं. आता धुराचं, आणि खरा विषय तोच आहे. असल्या कारखान्याचा उभा छेद पाहिलात तर भट्टी एका कोपऱ्यात असते. बाकी जागा धूर धुण्याच्या यंत्रांनी व्यापलेली. पैसाही बराचसा तिथेच जातो.

कचऱ्याच्या धुरात काय असतं? धूळ, म्हणजे राखेचे सूक्ष्म कण. कार्बन मोनॉक्साइड, जळण अर्धवट राहिल्याची खूण. गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ, कारण कचऱ्यात क्लोरीन असतो. पारा, सीसं, कॅडमियम, जुन्या सेलमधून, ट्यूबलाइटमधून, रंगांतून आलेलं. आणि डायऑक्सिन.

डायऑक्सिनवर जरा थांबतो. हे कोणी मुद्दाम बनवत नाही, ते जळणातून आपोआप जन्मतं. कार्बन, क्लोरीन आणि ऑक्सिजन एकत्र आले, आणि तांब्यासारखा एखादा धातू मध्यस्थ म्हणून हजर असला, की डायऑक्सिनचं कुटुंब तयार होतं. १९७६ साली इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या रसायन कारखान्यातून ते हवेत सुटलं तेव्हा जगाला हे नाव नीट कळलं. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या शरीरात ते नव्वद टक्क्यांहून जास्त अन्नातून येतं, मांस, दूध, मासे यांतून, आणि एकदा आलं की निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. नाकातून गेलेल्या धुरापेक्षा पानात आलेला धूर जास्त, असं हे प्रकरण आहे.

आता गंमत अशी की डायऑक्सिन आगीला घाबरतं. पुरेशी कडक आग मिळाली तर ते मोडतं. म्हणून युरोपातला नियम: धूर किमान ८५० अंशांवर दोन सेकंद राहिला पाहिजे. आपल्या २०१६ च्या नियमांत दोन कक्षांच्या भट्ट्यांना दुसऱ्या कक्षात ९५० अंश आणि तेच दोन सेकंद होते. दोन सेकंद थोडे वाटतात, पण एवढा धूर एवढ्या उष्णतेत तेवढा वेळ रेंगाळवायचा तर उंचच उंच भट्टी लागते. शिवाय हवा आतून अशी मारावी लागते की धूर ताकासारखा घुसळला जाईल. नाहीतर एका बाजूने हजार अंशांचा पट्टा आणि दुसऱ्या बाजूने सहाशेचा, आणि सहाशेच्या पट्ट्यातून सगळं निसटून जातं.

पण भट्टीत मोडलेलं डायऑक्सिन पुढे पुन्हा जुळतं. धूर थंड होत साधारण ४५० ते २०० अंशांच्या मधे आला, की राखेच्या कणांवर बसून ते नव्याने तयार होतं. म्हणजे पेटवण्याइतकंच विझवणंही नेटकं हवं: या टप्प्यातून धूर झपाट्याने खाली आणायचा, रेंगाळू द्यायचा नाही. वर रेंगाळू द्या, खाली पळवा. बॉयलरवाल्यांची इथे तारांबळ उडते, कारण उष्णता शोषायची तर नळ्यांमधून धूर सावकाश फिरवावासा वाटतो. त्यात क्लोरीनमुळे नळ्या गंजतात. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यावरच्या घराचा पत्रा कसा खाल्ला जातो ते आपण बघतो. बॉयलरच्या नळ्यांना क्षारांची पुटं तसंच खातात, तेही तापल्या जागी, म्हणून झपाट्याने. त्यामुळे इथे वाफ साधारण ४०० अंशांपर्यंतच तापवतात. कोळशाच्या वीजकेंद्रात ती ५४० पर्यंत नेतात. वाफ थंड म्हणजे वीज कमी. चांगल्या मोठ्या कारखान्यातही कचऱ्यातल्या उष्णतेचा पाचवा ते चौथा हिस्साच विजेत उतरतो.

मग धूर धुणं. यातल्या तीन गोष्टी कोकणातल्या माणसाला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत.

पहिली चुना. आम्ल मारायला चुना, एवढं साधं. खाडीच्या काठी शिंपले भाजून चुना काढायच्या भट्ट्या आपल्याकडे होत्या, जुन्या वाड्यांच्या भिंती त्याच चुन्यात उभ्या आहेत. कारखान्यात चुन्याची भुकटी किंवा पाण्यात कालवलेला चुना धुराच्या वाटेत फवारतात. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि गंधकाचे वायू चुन्याला चिकटून क्षार होऊन खाली बसतात.

दुसरी करवंटी. डायऑक्सिन आणि पारा चुन्याला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि जगभरात तो करवंटीपासूनही करतात. करवंटी हवेशिवाय भाजायची, मग वाफेने तिच्यात अतिसूक्ष्म भोकं पाडायची. भोकं इतकी की एक ग्रॅम भुकटीचा आतला पृष्ठभाग उलगडला तर हजार चौरस मीटरपर्यंत भरतो. म्हणजे दहा गुंठे. चिमूटभर काळ्या पुडीत भावकीने तीन पिढ्या भांडावं एवढी जागा. त्या जागेत पाऱ्याची वाफ आणि डायऑक्सिन जाऊन चिकटतात. वहिनी ज्या करवंटीबरोबर प्लास्टिक जाळते, तीच करवंटी नीट वापरली तर प्लास्टिकच्या धुरावरचा उतारा आहे. हे मी तिला सांगितलं नाही. पहाटे पाच ही वेळ त्यासाठी बरी नव्हे.

तिसरी वस्त्रगाळ. वैद्य चूर्ण फडक्यातून गाळतात तसा सगळा धूर शेकडो लांब पिशव्यांच्या कापडातून गाळला जातो. कापड साधं नसतं, दीडशे-दोनशे अंश सोसणारं असतं. बाहेरून चुना, कोळसा आणि राखेचा थर बसतो आणि तो थरच खरी गाळणी होतो. कोऱ्या पिशवीपेक्षा थोडी मळलेली पिशवी जास्त चांगलं गाळते. मधूनमधून हवेचा झटका देऊन थर झाडतात. एखादी पिशवी फाटली तर तेवढ्या भोकातून धूळ सरळ वर जाते, म्हणून तिथे पहारा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी भट्टीतच अमोनिया किंवा युरिया मारतात, शेतात घालतो तोच.

एवढं झाल्यावर धुराड्यातून काय बाहेर पडायला परवानगी असते? २०१६ च्या नियमांत मर्यादा अशी होती: एक घनमीटर धुरात धूळ ५० मिलिग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्ल ५०, कार्बन मोनॉक्साइड १००, गंधकाचा डायऑक्साइड २००, नायट्रोजनचे ऑक्साइड ४००, पारा ०.०५. आणि डायऑक्सिन ०.१ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम, आणि त्याचाही दहावा हिस्सा. पातळ हवा मिसळून आकडे सुंदर दिसू नयेत म्हणून सगळी मोजणी धुरात ११ टक्के ऑक्सिजन धरून करायची, अशी मेख नियमात मारून ठेवलेली होती.

कोणी तुम्हाला कारखान्याच्या फाटकावरचा आकड्यांचा फलक दाखवून म्हणालं की सगळं मर्यादेत आहे, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. धूळ, कार्बन मोनॉक्साइड, आम्ल हे अखंड मोजता येतं, दर मिनिटाला आकडा येतो. डायऑक्सिन तसं नेहमीच्या यंत्रांनी मोजत नाहीत. त्यासाठी सहा ते आठ तास धूर गाळून नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि असा नमुना वर्षातून फार थोड्या वेळा घेतात. ज्या दिवशी नमुना घेणार त्या दिवशी भट्टी कशी चालवतात हे बॉयलरपुढे काम केलेल्याला विचारू नका. म्हणून मी फलकावर कार्बन मोनॉक्साइड बघतो. तो वर गेला म्हणजे जळण बिघडलं, आणि जळण बिघडलं म्हणजे बाकीचंही बिघडलेलं असणार.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, आणि ती स्लाइडवर कधीच नसते: भट्टी पेटवताना आणि बंद करताना. थंड भट्टी ८५० अंशांना यायला तास न् तास लागतात. तेवढा वेळ डिझेलवर किंवा गॅसवर ती तापवायची, कचरा आत घ्यायचा नाही, असा नियम. डिझेल महाग, हाताशी कचरा फुकट. सगळ्यात घाण धूर याच वेळी निघतो. म्हणून असली भट्टी वर्षभर न थांबता चालली पाहिजे, आणि त्यासाठी तिला रोज, रविवारी, गणपतीत, मुसळधार पावसात, तेवढाच आणि तसाच कचरा मिळाला पाहिजे.

इथे आपल्या गावांचं गणित येतं. कोकण किनाऱ्यावरचं चाळीस हजार वस्तीचं नगरपरिषदेचं शहर धरा. माणशी पावणेचारशे ग्रॅम धरला तरी रोजचा कचरा १५ टन. तिमारपूरची भट्टी ३०० टनांची होती, आणि हे कारखाने परवडतात तेही साधारण त्या मापापासून पुढे. देवनारला मुंबई महापालिकेने हाती घेतलेला प्रकल्प रोज ६०० टनांचा आहे. तिथली गोष्ट वेगळी: १९२७ पासूनचा डेपो, आणि जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हाचा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला होता. उघड्यावर धुमसणाऱ्या डोंगराच्या मानाने गाळणी लावलेली भट्टी केव्हाही बरी. पण आपला १५ टनांचा कचरा सगळाच्या सगळा जाळला, किलोला १,५०० किलोकॅलरी मिळाल्या असं उदारपणे मानलं, आणि लहान टर्बाइन पंधरा टक्के उष्णता वीज करते असं धरलं, तर दिवसाला चार हजार युनिटच्या आतबाहेर. त्यातून कारखान्याचे पंखे, पंप, क्रेन चालवायचे. आणि धूर धुण्याची सगळी सामग्री १५ टनांनाही तीच लागते, फक्त मापाने लहान. किंमत त्या प्रमाणात लहान होत नाही. मग कुठे काटछाट होते ते सांगायला नको. गाळणी नसलेल्या, धुराडं तेवढं उंच असलेल्या 'लहान भट्ट्या' त्यातूनच जन्माला येतात. नाव मोठं असतं, काम न्हाणीच्या चुलीचंच.

धुराडं उंच असलं की झालं, असंही नव्हे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री उलट. दिवसा धूर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्यांवर, रात्री खाडीवर आणि बंदरावर. थंडीच्या पहाटे तर वारा पडलेला असतो, आणि डोंगरांच्या बेचक्यातल्या गावावर गार हवेचं झाकण बसतं. तेव्हा चुलींचा धूर माडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला दिसतो. तो सुंदर दिसतो, पर्यटक फोटो काढतात.

कोपनहेगनच्या कारखान्याचा फोटो मात्र प्रत्येक स्लाइडमध्ये असतो, छपरावर बर्फाशिवायच स्की करत घसरण्याची उतरण केलेला. खरोखरच चांगला कारखाना आहे. पण त्याचं यश विजेत कमी, ऊबेत जास्त. वीज काढून उरलेल्या उष्णतेने गावभर नळातून गरम पाणी फिरतं, घरं तापतात. आपल्याकडे मे महिन्यात कोण घर तापवणार? उष्णतेचं गिऱ्हाईक इथे शोधायचं तर काजूचे कारखाने. बी उकडायला त्यांना वाफ लागते. ते ती टरफलांवर करतात. टरफलाच्या तेलाचा झोंबरा धूर ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको की घरचं, झाडाचं, 'नैसर्गिक' जळणसुद्धा गाळणीशिवाय निरुपद्रवी नसतं.

राखेचं राहिलं. जाळल्यावर कचऱ्याचा आकार नव्वद टक्क्यांनी कमी होतो, पण वजन तेवढं नाही; चौथा हिस्सा राख उरते, आपल्या मातकट कचऱ्यात त्याहून जास्त. जाळीखालची जाड राख त्यातल्या त्यात सोपी. पिशव्यांतून झाडलेली बारीक राख मात्र घातक. धुरातून काढलेलं सगळं विष तिच्यातच आहे. हवेतून काढलं म्हणजे नाहीसं झालं नाही, पोत्यात आलं. ही राख घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या बंदिस्त जागीच जायला हवी, तळोज्याला आहे तशी. जवळच्या सड्यावर ओतली तर? आपला जांभा सच्छिद्र, त्यात या राखेतले क्षार पाण्यात सहज विरघळणारे. जूनमध्ये सड्यावर ओतलेलं ऑगस्टमध्ये पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, आणि विहिरीत आलेलं असेल.

मग या १५ टनांचं करायचं काय? निम्म्याहून जास्त, समजा नऊ टन, ओलं आहे. ते जाळायचं नाही, कुजवायचं. बायोगॅसच्या टाकीत स्वच्छ वेगळा केलेला ओला कचरा गेला तर टनामागे साधारण ८० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे नऊ टनांत स्वयंपाकाचे वीसेक सिलिंडर, रोज. ज्याच्या पाण्यामुळे आग धरत नव्हती तोच कचरा इथे पाण्यासकट कामाला येतो. गोबरगॅस पाहिलेल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. मासळीचा कचरा त्यात बेताने घालावा लागतो, नाहीतर अमोनिया वाढून जंतू मरतात. त्याचं खत माडांना चांगलं. उरलेल्या सहा टनांत माती-दगड गेले, भंगारात विकलं जाणारं गेलं. राहतं दोन-अडीच टन: चिप्सची पाकिटं, मळक्या पिशव्या, चिंध्या, फाटक्या चपला. यालाच खरं जळण म्हणायचं. ते वाळवून, गठ्ठे बांधून घाट चढवून सिमेंटच्या भट्टीत पाठवता येतं. चार-पाच दिवसांनी एक ट्रक. सिमेंटची भट्टी आतला माल १,४५० अंशांपर्यंत तापवते, आत चुनाच चुना, राखही सिमेंटमध्ये मुरते. तिथेही पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, चालत नाही, क्लोरीन वाढला तर भट्टीत चिकट थर जमतो. म्हणजे निवडणं कुठेच चुकत नाही.

निवडणं जमतं हे वेंगुर्ल्याने दाखवलं आहे. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने कचरा बारीक निवडायला सुरुवात केली, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात घातले. लोक तो डेपो बघायला म्हणून जायला लागले. कोकणात माणसं समुद्र बघायला येतात, डेपो बघायला आली ही साधी गोष्ट नव्हे.

परत आमच्या चुलीकडे. हंड्यात पाणी आहे तोवर हंड्याचं बूड फार तापत नाही. ज्वाळा त्यावर आपटते आणि तिथेच गार होते. अर्धवट जळलेलं काजळी होऊन बुडाला लागतं, उरलेलं छपराखालून बाहेर. घुसळण नाही, दोन सेकंद नाहीत, आणि गार होण्याची गती नेमकी नको ती. दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतो, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. नुसती ती जळली तर काजळी आणि इतर घाण होते, डायऑक्सिन थोडं. पण तिच्याबरोबर खाऱ्या बांगड्याची पिशवी जाते, मीठ असतं. वायरचा तुकडा जातो, त्यात पीव्हीसीचा क्लोरीन आणि तांबं दोन्ही हजर. चपलेचं काय ते चपलेलाच माहीत. आणि राख? चुलीतली राख आमच्याकडे कोणी फेकत नाही. माडाच्या आळ्यात जाते, पडवळाच्या मांडवाखाली जाते. त्याच आळ्यात कोंबड्या दिवसभर उकरतात. उघड्यावर कचरा जळतो त्या भागातलं डायऑक्सिन शोधायचं असेल तर जगभरचे अभ्यासक मोकाट कोंबड्यांची अंडी तपासतात. मी मुंबईला जाताना डझनभर घेऊन जातो, गावठी म्हणून.

अंड्यांचं सांगितल्यावर मात्र वहिनी गप्प झाली. धुराबद्दल तिने मला आयुष्यभर वेड्यात काढलं असतं. दुसऱ्या दिवशी न्हाणीत सोडणं सुकवायला एक फळी बांधली, चुलीच्या वरच, म्हणजे उद्याचं जळण आजच्या जाळावर वाळतं. तिमारपूरला हेच करायला हवं होतं. दुधाच्या पिशव्या ती आता धुऊन दोरीवर घालते, सुक्या बांगड्यांच्या शेजारी, आणि मांगरात एका पोत्यात भरून ठेवते.

परवा फोनवर म्हणाली, पोतं भरलं, दुसरं लावलंय. घंटागाडी बाजारपेठेपर्यंत येते, आमच्या वाडीत येत नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, रस्ता अरुंद आहे.